उमरभाईंचं न मावणारं ताट

उमरभाईंचं ताट कुठल्याच प्रेसमध्ये मावत नाही. प्रेस म्हणजे इथलं कपाट. आयर्लंडमध्ये, लिमरिकला येऊन मीही आता तसंच म्हणायला लागलोय. शेवटी ते ताट दाराआड उभं असतं आणि येणारा पाहुणा आधी त्यालाच धडकतो.

उमरभाई आमचे शेजारी. इथिओपियाच्या डोंगराळ भागातले, अर्गोबा समाजाचे. त्यांच्या गावी सगळं घर एकाच ताटाभोवती बसायचं. खाली भल्यामोठ्या आंबोळीसारखी इंजेरा, वर शिरो, म्हणजे आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊच. "वेगळ्या ताटात जेवतो तो भांडून आलेला," हे उमरभाईंचं ठेवणीतलं वाक्य.

या हिशेबाने त्यांच्या घरात सध्या महायुद्ध चालू आहे. बायको हलिमा हॉस्पिटलात नाइट करते, निघताना उभ्याउभ्या सँडविच खाते. मुलगा इद्रिस पास्त्याचा बोल घेऊन वर जातो. उमरभाई तरीही रोज ताट मांडतात आणि जिन्याशी उभं राहून हाक मारतात. वरून उत्तर येतं, "आय ॲम ग्रँड, डॅड." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे, मला नको'.

"या ग्रँडने माझं घर मोडलं," ते मला म्हणतात. मी हसतो, पण आमच्याकडे तरी वेगळं काय आहे?

मग सोबतीला मला बोलावणं येतं. पहिल्यांदा त्यांनी घास करून थेट माझ्या तोंडाशी आणला, तेव्हा मी गडबडलो. लग्नानंतर मला कुणी घास भरवला नव्हता, आणि तेव्हा निदान समोर फोटोग्राफर तरी होता.

"नको म्हणायचं नसतं," ते म्हणाले. मी निमूट तोंड उघडलं.

यंदा ईदला तरी सगळे एकत्र बसतील म्हणून त्यांनी आधीपासून पीठ आंबवून ठेवलं होतं. ऐनवेळी हलिमाला ड्युटीवर बोलावलं. इद्रिस मित्रांबरोबर बर्गर खायला गेला. मी ईद मुबारक म्हणायला पोचलो तेव्हा उमरभाई भरल्या ताटासमोर एकटेच बसले होते. मला फार वाईट वाटलं. त्यांना हसवावं म्हणून मी म्हटलं, "आमच्याकडे घास भरवताना नाव घ्यावं लागतं बरं का, उमरभाई."

मला उखाणा म्हणायचं होतं. पण तो इंग्रजीत कसा समजावणार?

त्यांनी घास केला. एकदा जिन्याकडे पाहिलं.

"इद्रिस," ते म्हणाले आणि मला भरवला.

पुढचा घास मोठा होता. "हलिमा."

मी घरून जेवून आलो होतो. पण नको म्हटलं नाही.