शिर्केकाका आणि नापास चाकं

बडोद्याच्या तरसालीतल्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी आधी दूधवाला यायचा, मग पेपरवाला आणि मग एक चाक. चाकाच्या मागून शिर्केकाका. चाक तळहाताएवढं, पांढऱ्या नायलॉनचं. काका गेटाशी वाकून ते सोडायचे आणि पायजमा वर धरून त्याच्यामागे चालू लागायचे. चाक सरळ गेलं तर पार वळणापर्यंत जायचं. जरा डावीकडे झुकलं की ज्योत्स्नाबेनच्या तुळशीला जाऊन थडकायचं. मग ज्योत्स्नाबेन झारी हातात धरून विचारायच्या, "शिर्केभाई, आजे पण नापास?" काका चाक उचलून डोळ्याशी धरत आणि कोणाकडेही न बघता म्हणत, "शंका आहे."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दुधाबद्दल त्यांना शंका असे, कुकरच्या शिट्टीबद्दल असे, दाराच्या कुलपाबद्दल तर इतकी, की बसस्टॉपवरून परत येऊन कुलूप ओढून बघितल्याशिवाय त्यांचा दिवस सुरूच होत नसे. काकांचे पणजोबा म्हणे गायकवाड सरकारच्या घोडदळात होते. घराण्यातली ही शंका घेऊन ते घोड्यावर नेमके कसे बसत असतील याची मला काळजी वाटते. शिर्केकाकू सांगायच्या की लग्नाआधी त्यांना बघायला हे गृहस्थ तीनदा आले. तिसऱ्या वेळी काकूंच्या आईने पोहे केलेच नाहीत.

नोकरीत मात्र ह्या शंकेचाच पगार मिळायचा. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ते माल तपासायला होते. दिवसभर मोजायचं आणि बरोबर नसेल ते बाजूला काढायचं. कामगार बिघडलेला माल त्यांच्यापासून दडवत. चिंध्यांच्या ढिगात, डब्याच्या पिशवीत, कुठेही. काका तो हुडकून काढत. साहजिकच दुपारी डबा खायला त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे. हे काकांनीच एकदा मला सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही, पावसाबद्दल सांगावं तसं. पुढे बाहेरचा माल येऊ लागला, कारखान्यांची धांदल उडाली आणि काकांना लवकर निवृत्ती देऊन घरी पाठवण्यात आलं. त्यांनी एक जुनं लेथ मशीन, म्हणजे कातकामाचं यंत्र, घेतलं आणि मागच्या शेडमध्ये बसवलं. म्हणजे आता माल करणारेही तेच आणि नापास करणारेही तेच.

माझी मुलगी केतकी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. विद्यार्थ्यांच्या रोबोंची स्पर्धा पुण्याला होती आणि तिच्या कॉलेजची पहिल्यांदाच निवड झाली होती. रोबोने ओझं उचलून उतार चढायचा होता. बाजारातली खेळण्याची चाकं उतारावर घसरत होती. गटात सगळे मुलगे, ही एकटी मुलगी आणि तीच कप्तान. चाकं कोणाकडून करून घ्यावीत असा घरात विषय निघाला आणि मी शहाणीने शिर्केकाकांचं नाव सुचवलं. तिथून माझी झोप गेली.

काका काम नाही म्हणत नव्हते आणि संपवतही नव्हते. चाक तयार व्हायचं, रस्त्यावर सुटायचं, तुळशीला लागायचं आणि पुन्हा मशीनवर चढायचं. "एक हलका हात फिरवतो बाजूने," असं म्हणून काका त्याचा कागदासारखा पापुद्रा काढायचे. दुसऱ्या दिवशी आणखी एक हलका हात. पोरं येऊन शेडमध्ये बसायची. काकू त्यांना चहा आणि शेव-ममरा द्यायच्या, काका त्यांना शंका द्यायचे. मोटर तापली तर? वायर सुटली तर? उतारावर लाइट गेली तर? पोरं आधी हसायची, नंतर हसेनाशी झाली. पुण्याची गाडी जवळ येत चालली होती आणि गटातली मुलं केतकीला उघड विचारू लागली होती, की हे आजोबा तू कुठून शोधून काढलेस. ती माझ्याशी घरात बोलेना. मी कामावर बँकेत बसून चुकीच्या खात्यावर सही मारायची बाकी होते.

शेवटी निघायच्या दिवशी काका आले ते थेट बडोदा स्टेशनवर. गाडी लागलेली, पोरं दारात लटकून जिन्याकडे बघतायत आणि हे कपड्यात गुंडाळलेली चाकं छातीशी धरून फलाटावरून येतायत. चार चाकं आणि एक सुटं. गाडी हलली तरी त्यांचं चालूच होतं, स्क्रू फार आवळू नका, उन्हात ठेवू नका. केतकीने खिडकीतून हात काढून त्यांचा खांदा थोपटला.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी काका आमच्याकडे येऊन बसले, कारण फोन आमच्याकडे येणार होता. बसले म्हणजे सोफ्याच्या कडेवर टेकले. मध्ये दोनदा रिसीव्हर उचलून त्यांनी डायलटोन आहे ना ते बघितलं. मी म्हटलं, काका, असं उचलून ठेवलंत तर तिचा फोन लागेल कसा? ते पटून त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवले. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. मी डाळ दोनदा धुतली.

फोन वाजला. केतकीचा आवाज बसलेला होता.

"आई, हरलो. चाक चिरलं, उतारावरच. मधून फार पातळ झालं होतं गं. काका तिथे आहेत का? त्यांना चाकाचं सांगू नकोस. मोटर जळली म्हण. आम्ही सगळ्यांनी तेच ठरवलंय."

काका समोर. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर. किती वर्षं कोण जाणे, त्या डोळ्यांनी केसाएवढा फरक पकडला होता. मी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "हरले. मोटर जळली."

"डावी की उजवी?"

"मधली," मी म्हणाले.

चार चाकांच्या त्या रोबोला मधली मोटर नव्हती, हे मला मागाहून कळलं. काकांनी मान हलवली, चपला घातल्या आणि गेले. त्या संध्याकाळी शेडमधला दिवा लागला नाही. मला वाईट वाटत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. खोटं बोलायचं तर निदान धड बोलावं.

पोरं परतली ती सामान घेऊन आधी काकांकडेच गेली. मीही गेले, कोणी काही बोलून बसू नये म्हणून. त्यांनी चार चाकं काकांच्या हातात दिली. चारही मळकी, ओरखडे पडलेली. केतकी न थांबता सांगत होती, मोटरमधून कसा धूर निघाला, परीक्षकांनी चाकांचं कसं कौतुक केलं. मुलं मागून माना हलवत होती. ज्यांनी तिला आजोबांवरून टोमणे मारले होते तेच आता सर्वांत जोरात हलवत होते. काका एकेक चाक फिरवून बघत होते.

"हल्ली मोटारी चांगल्या येत नाहीत," ते म्हणाले. "मालच तसा येतो. तुमचा इलाज नाही."

पोरांचा जीव भांड्यात पडला. काकूंनी चहा दिला, थोडं हसणं झालं आणि मंडळी आपापल्या घरी गेली. मी कप आवरत होते. काकांनी मला जवळ बोलावलं आणि एक चाक पुढे केलं.

"वहिनी, हे बघा. चालून मळलेलं चाक असं मळत नाही. हे आडवं घासलंय, फरशीवर. दिली पाच, आली चार. हे सुटं चाक. चौथं फुटलं असणार. मीच पातळ केलं ते, हात फिरवून फिरवून."

मी हातातला कप खाली ठेवला. काका चाकाकडेच बघत होते, पण चेहऱ्यावर ती नेहमीची आठी नव्हती.

"कारखान्यात सगळे माझ्यापासून बिघडलेला माल लपवायचे," ते म्हणाले. "स्वतःला वाचवायला. बराबर आहे, त्यांची नोकरी होती. पण मला वाचवायला कोणी लपवलं नव्हतं कधी."

काकूंनी आतून काय झालं म्हणून विचारलं. काहीच नाही, असं त्यांना सांगून काकांनी ते चाक धोतराच्या जुन्या फडक्यात हलकेच गुंडाळलं. मळ पुसला जाणार नाही अशा बेताने.

"तुम्ही मुलांना यातलं काही बोलू नका," ते म्हणाले. "फार मेहनतीने घासलंय त्यांनी."