कौलाने सांगितलेला नंबर

"विश्वसनीय संदर्भ शुक्रवारपर्यंत न मिळाल्यास आपल्या गावचे इंजिन यादीतून वगळण्यात येईल." गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या रक्षिताबाईंनी पत्र तीनदा वाचले. प्रत्येक वेळी शुक्रवारच होता.

देशात शिल्लक राहिलेल्या जुन्या डिझेल रेल्वे इंजिनांची ती छापील यादी होती. बाजारकुणंगजवळच्या बंद लाकूड डेपोतले छोटे इंजिन तीत होते, म्हणूनच गावाने ते अजून मोडीत काढले नव्हते. नाव गेले की रामनगरचा भंगारवाला शिवानंद शनिवारी लॉरी घेऊन येणार, हेही ठरले होते.

यादीच्या संपादकांना हवा होता फक्त इंजिनाचा नंबर. तो पितळी पट्टीवर होता आणि पट्टी चाळीस वर्षांच्या ऑइलपेंटखाली. दर खंडेनवमीला गाव इंजिनाची पूजा करी आणि आदल्या दिवशी उमाजी जुन्या रंगावरच नवा रंग चढवी. तरुणपणी तो त्याच इंजिनावर खलाशी, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस होता. नंबर आठवतो का, असे बाईंनी विचारले तेव्हा तो दुखावला. घरच्या माणसाला कोणी नंबराने हाक मारतं का, असे त्याचे म्हणणे.

पट्टीपुरता रंग खरवडावा, असे बाईंनी सुचवले. पूजेच्या वस्तूला लोखंड लावायचे तर देवीचा कौल हवा होता. पुजारी गुणाने देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

"मग नंबर कळायचा कसा?" बाईंनी विचारले.

गुणाने आणखी पाकळ्या भिजवल्या. "देवीलाच इचारूया की वो. ती इंजनाच्या आधीपास्नं हितं हाय."

बाईंनी वही उघडली. तेवढ्यात गुणाने शून्यापासून सुरुवातही केली होती. एकेका आकड्याला पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते का याची वाट पाहायची. तीन तासांनी चार आकडे मिळाले : दोन, सहा, चार, सात. सवयीने बाईंनी प्रत्येक पाकळीची वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली.

खोटे लिहिणे त्यांना जमणारे नव्हते. 'संदर्भ' या रकान्यात त्यांनी लिहिले, 'ग्रामदेवतेचा कौल, साक्षीदार अकरा', आणि हे शाळेत कोणाला कळू नये एवढीच इच्छा मनात ठेवून मेल पाठवला.

शुक्रवारी उत्तर आले. इंजिन बनवणाऱ्या कारखान्याच्या नोंदवहीत २६४७ नंबरचे इंजिन सापडले होते. वजन तेच, बांधणी तीच, पाठवल्याचे ठिकाण बाजारकुणंगचा लाकूड डेपो. बाईंनी नंबर वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिला. मग त्यांनी पुढची ओळ वाचली. 'सदर इंजिन १९७८ साली मोडून वितळवण्यात आले. सबब शिल्लक इंजिनांच्या यादीतून नाव कमी केले आहे.' सोबत नोंदवहीच्या पानाची शिक्क्यासह प्रत होती.

"मी त्र्याऐंशीपर्यंत कामाला हुतो," उमाजी म्हणाला. "मग पाच वर्षं मी बसत कशावर हुतो?"

शनिवारी शिवानंद लॉरी, गॅस कटर आणि दोन माणसे घेऊन आला. यादीतून नाव गेल्याचा कागद त्याने मागितला आणि उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला. मग इंजिनावर टेकवलेला हात हळूच काढून घेतला.

"अठ्ठ्याहत्तरात वितळलंय म्हंतोय ह्यो," तो म्हणाला. "मग ह्ये कोण हुबं हाय?"

"मी बी कालपास्नं त्येच इचारतोय," उमाजी म्हणाला.

कटरवाला लॉरीत जाऊन बसला आणि त्याने काच वर केली. दुसऱ्याने आपल्याला घरी काम असल्याचे सांगितले. शिवानंद बाईंजवळ सरकला.

"बाई, तुमी विज्ञानाच्या. खरं सांगा, भूत असतंय काय वो?"

भूत नसते, हे रक्षिताबाई वीस वर्षे सातवीच्या वर्गाला सांगत आल्या होत्या. त्यांनी इंजिनाकडे पाहिले. मग हातातल्या कागदाकडे.

"संदर्भ विश्वसनीय आहे," त्या म्हणाल्या.