रवंथमुक्त गोठा

ऐक, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. जगातल्या कुठल्याही संस्थेत बसलेला माणूस आळशी ठरतो, आणि बसून तोंड हलवणारा तर कामचुकारच (साहेब सोडून). हे तत्त्व गाईंना लावायचं मात्र आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आलं एका दूध प्रकल्पाच्या नव्या साहेबांच्या.

साहेब आधी बिस्किटांच्या कारखान्यात होते, म्हणजे दुधाशी संबंध होताच. पहिल्याच दुपारी त्यांनी गोठ्यात फेरी मारली, तर सगळ्या गाई फतकल मारून बसलेल्या, पुढ्यात काडी नाही आणि तोंडं सुरू!

"या काय खातायत?"

"काही नाही साहेब, रवंथ करतायत," डॉक्टरीणबाई म्हणाली. ही गोठ्यावरची जनावरांची डॉक्टर. पोरगी हुशार, पण नोकरी कच्ची, आणि ती पक्की करणं साहेबांच्या हातात. "सकाळी खाल्लेलंच परत तोंडात आणून चावतात."

"म्हणजे एकच काम दोनदा?" साहेबांनी असं बघितलं, जणू तो घास तिनंच परत आणला होता.

लगेच बैठक बसली. (बैठकीत मागच्या बैठकीतलंच परत काढून चघळतात, पण त्याला आढावा म्हणतात, ते वेगळं.) ठरलं असं की, चारा यंत्रात घालून पिठासारखा दळायचा. चावायचं काम यंत्राचं, गाईनं फक्त दूध द्यायचं. वाचलेल्या वेळात गाईनं काय करायचं, त्यासाठी उपसमिती.

"डॉक्टर, काही हरकत?"

तिला सगळं माहीत होतं रे! लांब, राठ चारा पोटात टोचतो तेव्हाच गाय तो वर आणते, चावून चावून त्याचे धागे तोडते. चावताना बादल्या भरतील एवढी लाळ सुटते, आणि त्या लाळेमुळेच पोट आंबत नाही. पीठ सरळ खाली घसरतं, ना चावणं, ना लाळ. हे सगळं अगदी ओठांवर आलं होतं, पण तोंडात साहेबांनी आणलेलं बिस्कीट होतं. तिनं ते सावकाश, बारीक चावलं, गिळलं आणि म्हणाली, "नाही साहेब."

थोड्याच दिवसांत गोठ्यातली सगळी तोंडं थांबली. दारावर 'रवंथ: शून्य टक्के' अशी पाटी लागली. दूध पातळ झालं (ग्राहकांच्या तब्येतीला चांगलं), शेण पातळ झालं (धुवायला सोपं), आणि आत्याबाई आजारी पडली. आत्याबाई म्हणजे सगळ्यात थोराड गाय, डॉक्टरीणबाई दिसली की तिची बाही चाटणारी. आता ती गव्हाणीकडे पाठ करून पडली, मानही वर करेना.

साहेब हात बांधून बसणारे नव्हते. लाळेची भरपाई म्हणून सोड्याची पोती आली. जबडे आखडू नयेत म्हणून कर्मचाऱ्यांनी आळीपाळीनं गाईंचे जबडे हातानं हलवायचे, असा आदेश निघाला (तोंड रिकामं असेल तरच, नाहीतर नियमभंग).

डॉक्टरीणबाईला बघवेना. ती कोटाच्या आत लांब वाळलेलं गवत लपवून आणायला लागली. "खा गं बाई, आणि माझं नाव घेऊ नकोस."

मग पाहुणे आले प्रकल्प बघायला. साहेबांच्या खिशात डॉक्टरीणबाईच्या पक्क्या नोकरीचं पत्र, टाळ्यांत द्यायचं म्हणून. सगळे गोठ्यात उभे, गोठा चिडीचूप. आणि तेवढ्यात आत्याबाईनं, चांगली टुणटुणीत झालेल्या आत्याबाईनं, ऐटीत बसून करकर रवंथ सुरू केला.

"डॉक्टर, हे काय?" साहेबांचा हात खिशातच थांबला.

एका वाक्याचं तर काम होतं. ही एकटीच बरी आहे, एवढंच म्हणायचं. पाहुणे कान देऊन उभे होते. आत्याबाई बाही चाटायला मान लांब करत होती.

"बिघाड आहे साहेब," ती म्हणाली. "दुरुस्त करून घेते."

टाळ्या पडल्या, पत्र मिळालं, आणि त्या संध्याकाळपासून आत्याबाईच्या पुढ्यात परत पीठ.

हसतोस काय? तू असतास तर काय म्हणाला असतास? सांग ना! आणि आधी तोंडातला घास गिळ, मघापासून नुसता चावत मान हलवतोयस.