सोमवारचं मौन आणि स्नेहलचं बटण

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मौन धरायचं, हे मी आदल्या दिवशी मेथी निवडताना ठरवलं. उपवास तर मी दरवर्षीच करते. (पण माझ्या उपवासाचं महादेवाला आता फारसं कौतुक राहिलेलं नसावं. खिचडी, भगर, रताळ्याचा कीस आणि वर दाण्याचे लाडू खाणाऱ्या बाईकडे बघून तोही मनात म्हणत असेल, "हिचा उपवास आहे की माझा?") म्हणून यंदा देवाला काहीतरी वजनदार द्यावं असं वाटलं. आणि माझ्याकडे वजनदार असं एकच आहे, माझं बोलणं.

कारणही तसंच होतं. आमची सून स्नेहल भोरला एका डिझाईन स्टुडिओत कामाला आहे. विंझरहून रोज स्कूटीवर जाते. तिथं लोकांच्या धंद्याच्या वेबसाईट बनवतात. वेल्ह्याच्या कुंडलिकअप्पांची भाताची गिरणी आहे, त्यांना इंद्रायणी तांदूळ मोबाईलवरून विकायचा होता. ती वेबसाईट स्नेहलनं पहिल्यांदाच एकटीनं बनवली. अप्पांनी मोठ्या हौसेनं ती आधी आपल्याच भागातल्या लोकांना पाठवली. दहा दिवसांत तीनशे जणांनी बघितली आणि ऑर्डर एकही नाही! अप्पा तापले. स्नेहलच्या साहेब, सुलक्षणा मॅडम, म्हणाल्या, "सोमवारी कुणाला तरी वेबसाईट वापरायला बसवून टेस्ट घे. लोक कुठं अडतात ते सापडलं नाही, तर हे काम मला दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

पोरीचं जेवणावरचं लक्ष उडालं. मग मी देवापुढं उभी राहिले. "महादेवा, हिच्या वेबसाईटवर ऑर्डर येऊ दे. मी सूर्य मावळेपर्यंत तोंड उघडणार नाही."

शेजारच्या ठकुबाईंना मौनाचे नियम विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "नवस कुणाला सांगायचा न्हाई. आन लिवून दावायचं बी न्हाई. लिवणं म्हंजी बोटानं बोलणंच की!"

"मग काही लागलं तर?"

"लागंल कशाला? एक दिस तुमी गप बसला तर गावाला काय पूर येतोय व्हय?"

सोमवारी सकाळी ह्यांना न बोलता चहा दिला. ह्यांनी कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नाही म्हटल्यावर फार खोलात न जाता (नशीब का तपासावं, असा चेहरा करून) तहसील कचेरीच्या कामाला वेल्ह्याला निघून गेले. जाताना शीळ घालत होते.

अकराच्या सुमाराला स्नेहल धावतपळत परत आली. टेस्टला किकवीची वनिता नावाची बाई बसणार होती, ती तापानं आडवी झाली होती.

"आई, तुम्ही बसा! तुमच्यासारखंच कुणीतरी हवंय. मॅडम आणि अप्पा स्टुडिओतून लॅपटॉपवर बघणार आहेत."

मी ओठांवर बोट ठेवलं.

"बाबा झोपलेत का?" ती कुजबुजली.

मी नाही म्हणून मान हलवली, तिला ती हो वाटली.

"मग हळू बोलू."

तिनं माझ्यापुढं एक मोबाईल आडवा ठेवला आणि समोर दुसरा उभा केला, माझा चेहरा दिसावा म्हणून. मग टेस्टची रीत सांगितली. "पाच किलो तांदूळ मागवायचा. तुमचा नाव-पत्ता मी भरून ठेवलाय, पैसे तांदूळ घरी आल्यावर. फक्त एक करायचं. जे जे मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. मी काही सांगणार नाही, हातही लावणार नाही. तशी पद्धतच आहे."

देवाची थट्टा कशी असते बघा. जन्मभर लोकांनी मला "आता पुरे" म्हणून सांगितलं. माझं बोलणं कुणाला तरी हवं होतं, असा तो पहिला दिवस!

वेबसाईट उघडली. वर भाताच्या खाचराचा सुरेख फोटो. खाली तांदळाची माहिती. ती वाचत वाचत मी तळाला पोचले आणि थबकले. तिथं देव होता. गोल, शेंदरी, आणि मधोमध दोन पांढरे डोळे. आमच्या शिवेवरच्या म्हसोबाला शेंदूर लावून चांदीचे डोळे बसवलेत ना, अगदी तस्सा. मी चटकन पदर सावरला.

पण आता तांदूळ मागवायचा कुठून? वर गेले, खाली आले. खाचर, माहिती, देव. पुन्हा खाचर, माहिती, देव.

"ताई, मनात काय चाललंय ते बोला," समोरच्या मोबाईलमधून मॅडम म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"आवाज येत न्हाई का?" हे अप्पा.

"आवाज येतोय अप्पा. त्या बोलत नाहीयेत."

"मंग वाचता येत न्हाई का बाईला?"

(मॅट्रिकला मराठीत पहिली आले होते मी! पण सांगणार कशी?)

"स्नेहल," मॅडमचा सूर बदलला, "युजर पूर्ण गोंधळलीय. तुझं डिझाईनच चुकलंय बहुतेक."

मी स्नेहलकडे बघितलं. ती रीतीप्रमाणे गप्प, डोळ्यांत पाणी. मी नवसाप्रमाणे गप्प. तोंड उघडावं तर नवस मोडतो आणि पोरीचं काम जातं. न उघडावं तर नवस राहतो आणि पोरीचं काम जातं. अशा वेळी बाईमाणसानं काय करायचं? समोर साक्षात देव होता. हात जोडले, वाकले आणि देवाच्या पायाशी म्हणून मोबाईलवर कपाळ टेकलं. एकदा स्नेहलसाठी. एकदा चुकलंमाकलं त्यासाठी. एकदा तीनाचा नेम म्हणून.

"बाई पडल्या का वो?" अप्पा ओरडले. त्यांना नुसता माझा अंबाडा दिसत असणार. आणि तेवढ्यात पलीकडं त्यांचा मोबाईल वाजला. टिंग. टिंग. टिंग.

"आली! ऑर्डर आली! एक न्हाई, तीन आल्या! पंधरा किलो!"

"एक शब्दही न बोलता!" मॅडम म्हणाल्या. "स्नेहल, इतकं सोपं डिझाईन झालंय की बाईंना विचारसुद्धा करावा लागला नाही." (तेवढं मात्र खरं होतं.)

स्नेहल माझ्या गळ्यात पडली. मी मात्र दिवसभर बेचैन. ऑर्डर आली होती, पण ती माझ्या कपाळानं दिली होती. खरं सांगावं तर पोरीचं झालेलं काम फिसकटायचं. पण मौन सोडून पहिलाच शब्द खोटा कसा काढायचा?

दिवेलागणीला दिवा लावला आणि सगळं सांगून टाकलं. स्नेहल पांढरी पडली.

"आई, तो देव नव्हता! ते बटण होतं. इंद्रायणीचे दोन दाणे काढले होते मी त्यावर!"

"अगं, देवाच्या डोळ्यांत बोट घालायला हात कसा धजावणार?"

तिनं फोन उचलला, मॅडम आणि अप्पा दोघांनाही जोडून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. आता संपलं, म्हणून मी डोळे मिटले.

अप्पा खाकरले. "वैनी, खरं सांगू का? म्या बी अजून त्ये दाबलं न्हाई. रोज सकाळी नमस्कार तेवढा करतो. मला वाटलं, पोरीनं आपलं गावदैवत काढलंय झकास. म्हणून तर लोकांना पाठवलं, दर्शन घ्या म्हणून!"

तीनशे जणांनी काय केलं असेल, ते तेव्हा सगळ्यांनाच कळलं. (त्यातल्या कुणाचंच कपाळ माझ्याइतकं मोठं नसावं.)

स्नेहलनं दुसऱ्या दिवशी बटण हिरवं, चौकोनी केलं आणि त्यावर स्वच्छ लिहिलं, "तांदूळ घ्या". त्याच दुपारपासून ऑर्डरी सुरू झाल्या. मॅडम म्हणाल्या, अडचण खरी सांगणारी मुलगी मला हवीच आहे. पुढचं कामही तिलाच मिळालं. नवस फळला.

फक्त एक राहिलं. टेस्टचा जो अहवाल स्टुडिओनं केला, त्यात माझा फोटो आहे आणि खाली छापलंय : "गृहिणी, विंझर. स्वभाव : मितभाषी."

ह्यांनी ते पान मागून घेतलं, चौकट करून देवघराशेजारी लावलं, आणि हल्ली रोज अंघोळ झाली की तिथं कपाळ टेकून मग चहाला येतात.