रग जिरली!

गोविंद मास्तर पक्के शाकाहारी. तरी दर शुक्रवारी नांदेडच्या खाटकापुढे हजर. "मटण नको बाबा, बकऱ्याची रग दे." रग म्हणजे रक्ताची नळी. सरकारी शाळेत उर्दूतून शास्त्र शिकवून त्यांच्या तोंडी तोच शब्द बसला होता.

घरी ते नळीचं कडं मिठाच्या पाण्यात टांगत आणि दोऱ्यानं तिला गवताची काडी जोडत. चुन्याची निवळी घातली की नळीचा स्नायू आवळे, काडी वर चढे. सिरक्याच्या आंबटानं ती सैल पडून काडी उतरावी, असं पुस्तक सांगे. महिना झाला, उतरत नव्हती. गल्ली हसे. मास्तरांना अन्न गोड लागेना.

मी शेजारी, निजामाविरुद्ध पत्रकं काढणारा.

"मास्तर, मुलूख पेटलाय अन् तुम्ही काडी बघून राहिलात?"

"लेका, तुझ्या रगा लई आवळल्यात. चिंच खा."

भेकड माणूस, असं मी ठरवून टाकलं.

एका दुपारी माझ्या दारावर पोलिसाची थाप पडली. घरभर पत्रकं! मी ती भराभर चुलीत कोंबू लागलो. इतक्यात शेजारून मास्तर गरजले, "जिरली! रग जिरली!"

दारावरचा पोलीस जवान मराठी होता. कुणाची रग जिरली म्हणतो हा? सरकारची? माझं दार सोडून तो तिकडे धावला आणि मास्तरांना बरणी-बाटल्यांसकट चौकीवर घेऊन गेला. चूल विझवून मीही मागोमाग गेलो.

चौकीच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, डोळे वटारले. "रग? किसकी रग?"

"बकरे की, हुजूर."

"दिखाओ!"

नाही दाखवता आलं तर नोकरी गेली, वर कोठडी. मास्तरांनी पाणी बदललं आणि चहाचं आधण मागून बरणी त्यात ठेवून कोमट केली. निवळी घातली, काडी चढली. सिरक्याचे थेंब टाकले. आम्ही सगळे वाकलो. काडी हळूहळू खाली आली.

अमीनसाहेब पोट धरून हसले. जवान डोकं खाजवत राहिला. मास्तर मात्र डोळे पुसत होते.

परतताना मी म्हणालो, "घरी एकदा उतरलीच होती की. मग रडू कशाचं?"

"घरी कुठं उतरली? गार पाण्यात रग निपचित पडली होती."

मी जागीच थांबलो. "मग ओरडलात कशाला?"

मास्तरांनी बरणी या हातातून त्या हातात घेतली.

"पत्रकं जळाली का सगळी?" त्यांनी विचारलं. "का आणखी वेळ पाहिजे होता?"