पाचव्या मजल्याचा कागदी झगा

तैवानमधल्या आमच्या तैचुंग शहरात गुन्हे कमी का होतात, याची पोलीस सांगतात ती कारणं खोटी आहेत. खरं कारण मी. यू चिंग-ताँग, निवृत्त पाणीमीटर-वाचक, सध्या खासगी गुप्तहेर. तीस वर्षं लोकांच्या घरामागे वाकून आकडे वाचल्यामुळे माझी नजर तीक्ष्ण आणि कंबर वाकडी झाली आहे. मदतनीस म्हणून मला बायको लाभली, शू-फन. 'लाभली' हा शब्द तिला मान्य नाही.

त्या दुपारी पाचव्या मजल्यावरच्या फान बाई रडकुंडीला येऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी ऑनलाइन मागवलेला झगा नाहीसा झाला होता. झगा साधासुधा नव्हे. कागदाच्या धाग्याचा, झाडपाल्याच्या निळीनं रंगवलेला, शिवणारीला पोटभर पगार देऊन शिवून घेतलेला, आणि टाकून दिला तर तीन महिन्यांत मातीत मिसळणारा. पार्सल काल आलं होतं. घेतल्याची सही इमारतीचे पहारेकरी झान काका यांची, आणि काका एकच घोकत होते, "ज्यांचं होतं त्यांना पोचवलं."

"म्हातारा भ्रमिष्ट झालाय," फान बाई म्हणाल्या. "इमारतीच्या पाचच्या सभेत मी त्यांना काढायलाच सांगणार."

सत्तराव्या वर्षी काकांना दुसरी नोकरी कोण देणार? साडेतीन वाजले होते.

पहिला संशय मी सहाव्या मजल्यावरच्या ह्वांगवर घेतला. तो दर आठवड्याला स्वस्तातले सात शर्ट मागवतो. असल्या माणसाला नीतिमान कपडा डोळ्यांत खुपणारच.

"तो झगा घेऊन करणार काय?" शू-फननं विचारलं.

"म्हणूनच त्याच्यावर कुणी संशय घेणार नाही."

ह्वांगनं दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झगा मातीत मिसळणारा होता, म्हणजे तो मिसळला असणार. मी खालच्या दालनातली रबराच्या झाडाची कुंडी उकरली. आत एक चॉपस्टिक सापडली.

"चोर इथं जेवलाय," मी म्हणालो.

"अहो, मिसळायला तीन महिने लागतात. पार्सल काल आलंय."

"उन्हाळा आहे."

ती सरळ बाहेर गेली. चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात भुतं माणसांत जेवायला येतात; त्यांच्यासाठी मांडलेली पंगत आटपत आली होती. इमारतीच्या मेजावर फळं, बिस्किटं, नूडल्सची खोकी आणि प्रत्येकात खोचलेली अगरबत्ती. शेजारी काका कागदी कपडे भट्टीत जाळून भुतांना पोचवत होते. शू-फन आपली सफरचंदं उचलायला वाकली आणि तशीच ओरडली, "काका, हातातलं खोकं टाकू नका."

खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, 'अस्सल कागदी कपडे. मातीचे मातीला.'

काका गोंधळले. "जिवंत माणूस कागद कशाला घालेल? मला वाटलं, फान ताईंनी पुण्य केलंय. आणि या महिन्यात त्या पाहुण्यांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून बोललो नाही."

फान बाईंनी खाली येऊन झगा उलगडला. अगरबत्तीचा दाट वास आला.

"म्हणजे हा आधी कुणी वापरलाय?"

"दुपारभर," शू-फन म्हणाली.

फान बाईंचा चेहरा उजळला. "वापरलेला कपडा नव्यापेक्षा केव्हाही चांगला. आमच्या पर्यावरणवाल्या गटात असा कुणाकडेच नाही. काका, आधीच्यांची काही तक्रार?"

"एकाचीही नाही," काका गंभीरपणे म्हणाले.

सभेत काकांना काढायचा विषय निघालाच नाही. फान बाईंनी फक्त एक लेखी विनंती केली, की यापुढे त्यांचं प्रत्येक पार्सल आधी भुतांपुढे ठेवावं आणि मगच वर पाठवावं.