नारिंगी रंगाची जागा

शनिवारी दुपारी दोन वाजता मार्लिसच्या स्वयंपाकघरात इंद्रधनुष्य जवळजवळ तयार झालं होतं. तिच्या सासूच्या मोठ्या पांढऱ्या ताटात लाल मुळे होते, पिवळी ढोबळी मिरची होती, हिरव्या शेंगा आणि काकड्या होत्या, जांभळा कोबी होता. मधोमध भाज्या बुडवून खायला शेपू घातलेल्या दाट डिपचा वाडगा होता. फक्त लाल आणि पिवळ्याच्या मध्ये पुढचा दात पडल्यासारखी एक जागा रिकामी होती. गाजरं नव्हती.

याला दुसरं कुणी नाही, मार्लिस स्वतःच जबाबदार होती. लिंडन लेक गावातल्या शेतकरी बाजाराच्या समितीची ती अध्यक्ष. दरवर्षी ऑगस्टमध्ये बाजार उठला की संध्याकाळी सगळं गाव आपापला पदार्थ घेऊन तळ्याकाठी जेवायला जमे. ताटातली प्रत्येक गोष्ट आपल्याच बाजारातली हवी आणि ती कुणाच्या शेतातली ते चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवायचं, हा नियम तिनंच केलेला. आजची सगळी सकाळ तिनं गाळ्यागाळ्यावर जाऊन हा नियम लोकांना समजावण्यात घालवली. तो समजावून संपेपर्यंत वेंडेल म्हाताऱ्याची गाजरं संपली होती, आणि गाजरं विकणारा बाजारात तो एकटाच.

"नारिंगी नसला तर कुणाला कळणार आहे?" तिचा नवरा ऑरिन वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला.

"मला कळेल," मार्लिस म्हणाली.

इंद्रधनुष्याचं ताट आणणार असं तिनं गावच्या पत्रकात चार आठवडे आधी छापून आणलं होतं. शिवाय गेल्या वर्षीची गोष्ट होती. गेल्या वर्षी गावातल्या जोलीननं आणलेलं डिप दुकानातल्या सूपच्या तयार पुडीचं निघालं. तेव्हा मार्लिसनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "ही पूड आपल्याकडे कुणाच्या शेतात पिकते गं?" लोक हसले. झाकण लावून वाडगा जोलीननं गाडीत नेऊन ठेवला आणि उरलेली संध्याकाळ कागदी रुमालांच्या घड्या घालत बसली. अशा बाईला यंदा आपल्या ताटातलं भोक दाखवायचं, हे मार्लिसला जमण्यासारखं नव्हतं.

गावातल्या दुकानात जायची सोय नव्हती. तिथं तिला सगळे ओळखत. म्हणून ती तीस किलोमीटरवरच्या मोठ्या दुकानात गेली, गॉगल लावून आणि ऑगस्टच्या उकाड्यात कोट चढवून. तिथं अख्खी गाजरं संपलेली. उरली होती ती पिशवीतली, यंत्रानं तासून गोल केलेली, बोटभर लांबीची, सगळी एका मापाची गाजरं. जन्मात माती पाहिली नसेल अशी ती दिसत होती. मार्लिसनं पिशवी कोटाखाली धरून गाडीत आणली.

घरी आल्यावर तिनं सोलाण्यानं एकेका गाजराला टोक काढलं. तरी ती दुकानातलीच दिसत होती. मग तिनं खिडकीतल्या कुंडीतली माती त्यांना चोळली, आणि खाणाऱ्यांच्या दातांखाली कचकच येईल म्हणून परत धुऊन टाकली. शेवटी लोकरीच्या सुईनं प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडून तिनं त्यात कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्सलीची एकेक काडी खोचली. आता लांबून पाहिलं तर पाल्यासकट उपटलेली कोवळी गाजरं वाटत. ऑरिन पाणी प्यायला आत आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि पाणी न पिताच बाहेर गेला.

चिठ्ठ्या तर तिनं बुधवारीच सुंदर अक्षरात लिहून ठेवल्या होत्या. 'गाजरं – वेंडेलच्या शेतातली'. ती लावावी तर खोटं, न लावावी तर नियमभंग. वेंडेलला वाळलेलं गवत आत घ्यायचं होतं, तो जेवायला येणार नव्हता. एवढ्या भरवशावर मार्लिसनं चिठ्ठी लावली.

गवत लवकर आटपलं. पाच वाजता धुतलेला सदरा घालून वेंडेल तळ्याकाठी हजर झाला आणि थेट ताटापाशी आला. ऐंशी वर्षांचा माणूस. त्यानं चष्मा लावून चिठ्ठी वाचली, मग एक गाजर उचललं. पार्सलीची काडी त्याच्या बोटांत राहिली आणि गाजर डिपमध्ये पडलं.

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मार्लिसला खरोखर वाटलं. तेवढ्यात रुमालांचा गठ्ठा घेऊन जोलीन शेजारी आली. यंदा तिनं फक्त रुमालच आणले होते.

"ही तुमची का हो, वेंडेल?" जोलीननं विचारलं.

वेंडेलनं डिपमधून गाजर काढलं, शांतपणे चावून खाल्लं आणि म्हणाला, "माझीच."

"सगळी कशी एका मापाची आलीत."

"यंदा पाऊस सारखा पडला," वेंडेल म्हणाला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मार्लिसनं देवाचे आभार मानले असते. पण म्हाताऱ्यानं आणखी एक उचललं, काडी उपटून कडेला ठेवली आणि खाल्लं. त्याचं पाहून बाकीचे आले. लिंडन लेकच्या माणसाला समोरच्याला ओशाळं करण्यापेक्षा वाईट जेवण परवडतं. प्रत्येक जण दोन-दोन गाजरं घेई, काड्या काढी, हवा बरी आहे म्हणे आणि पुढे सरके. कुणीही काडीबद्दल चकार शब्द काढला नाही. कुणीतरी हसावं, जोलीननं तरी गेल्या वर्षीचं काढून चार शब्द सुनावावेत, असं मार्लिसला वाटत होतं. जोलीननं तिला फक्त एक रुमाल दिला, कारण ती घामानं निथळत होती.

मग कुणीसं वेंडेलला म्हणालं की पुढच्या शनिवारी अशीच छोटी थोडी ठेव. तो 'बघतो' म्हणाला. मार्लिसला ते ऐकवेना. त्याला झाडाखाली गाठून ती म्हणाली, "वेंडेल, ती गाजरं..."

"डिप छान झालंय," तो म्हणाला. "शेपू ताजी दिसते."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"मी पावसाबद्दल बोललो," वेंडेल म्हणाला आणि वाढून घ्यायला गेला.

रात्री ताट घरी आलं तेव्हा नारिंगी रंगाच्या जागी पार्सलीच्या काड्यांचा ढीग होता. ऑरिननं त्या केरात टाकल्या. मार्लिसला धड झोप आली नाही. स्वतःची शरम तिला होतीच, पण डोळे मिटले की दिसत होती ती वाडग्यावर झाकण लावणारी जोलीन.

रविवारी सकाळी ऑरिननं दार उघडलं आणि तो तिथंच थांबला. पायऱ्यांवर गाजरं होती. लोकांनी आपापल्या परसातली रात्रीतून आणून ठेवलेली, वाकडी, दुतोंडी, केसाळ, ओल्या मातीची, हिरव्यागार पाल्याची गाजरं. एकाही जुडीला नाव नव्हतं. उन्हाळ्यात घरात मावेनासे झालेले काकड्या-भोपळे शेजाऱ्याच्या दारात टाकून पळायची गावाची पद्धतच होती, पण एका दारात एवढी गाजरं कधी कुणी टाकली नव्हती.

"अकरा जुड्या," ऑरिन म्हणाला. "आणि एक पिशवी."

पिशवी दुकानातली होती. तीच, तासलेल्या गोल गाजरांची. तिला रबरानं सूपची एक पुडी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर जोलीनच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ही या पुडीच्या डिपबरोबर चांगली लागतात. पार्सली नको.'

मार्लिस पायरीवर बसली. मग आत जाऊन तिनं पुडी फोडली, आंबट सायीत कालवली आणि एक गाजर बुडवून तोंडात टाकलं.

"कसं आहे?" ऑरिननं विचारलं.

तिनं दुसरं गाजर उचललं. तिचे डोळे भरून आले होते.

"चांगलं आहे रे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी चाखूनच पाहिलं नव्हतं."